बसून उतरलेला डोंगर

बुद्धपौर्णिमेच्या सकाळी वंदना झाली, खीर खाऊन झाली, आणि माझ्या मुलाने जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून ठेवला. तो इथे सिंगापुरातच विद्यापीठात पोस्टडॉक करतो. जूनअखेर त्याची नॉर्वेत कॉन्फरन्स होती आणि ती संपली की मला आणि त्याच्या बाबांना बोलावून घ्यायचं, तिघांनी मिळून लोफोटेनला आठवडाभर राहायचं, असं त्याने परस्पर ठरवलं होतं. लोफोटेन म्हणजे नॉर्वेच्या किनाऱ्याजवळची, पार वरच्या टोकाची डोंगराळ बेटं. मुलगा चांगला आहे हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्याच्यावर बरीच चिडणार आहे.

त्याने एक्सेलमध्ये तक्ता केला होता. डावीकडे दिवस, वरती आम्ही तिघं. पहिल्या दिवशी हाउकलँडची पांढऱ्या वाळूची चौपाटी, तिघांच्याही रकान्यात 'बीच'. दुसऱ्या दिवशी राइनेब्रिंगन नावाचा डोंगर. मुलाच्या रकान्यात 'हाइक', त्याच्या बाबांच्या रकान्यात 'हाइक' आणि माझ्या रकान्यात 'कॅफे'. तिसऱ्या दिवशी खिंड ओलांडून क्वालविकाच्या किनाऱ्यावर उतरायचं होतं. तिथेही हाइक, हाइक, कॅफे. मी बोट धरून खाली खाली जात राहिले. चार दिवस ओळीने मला कॅफेत बसवलेलं होतं. एका ठिकाणी त्याने पुढे 'व्ह्यू छान आहे' असंसुद्धा लिहिलं होतं. म्हणजे दुरून डोंगर साजरे ही म्हण माझ्यासाठी खास नॉर्वेत नेऊन ठेवली होती.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"आई, तुझा नी."

"गुडघा माझाच आहे ना? मग मला विचारलंस का?"

"डॉक्टर ऑलरेडी सेड, डोन्ट ओव्हरडू. व्हाय यू मस्ट फाइट लाह?" तो त्याच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाला.

डॉक्टर काय म्हणाली होती ते मला पाठ होतं. पॉलिक्लिनिकमधली तरुण मुलगी होती. एक्स-रे बघून तिने सांगितलं की डाव्या गुडघ्याची झीज सुरू झाली आहे, वजन वाढू देऊ नका, मांड्यांचे स्नायू बळकट करा, चालत राहा, अति करू नका, दुखलं तर थांबा. यातलं 'चालत राहा' घरी पोचेपर्यंत वाटेत कुठेतरी गळून पडलं आणि 'झीज' तेवढी शिल्लक राहिली. त्या दिवसापासून घरात माझ्यासाठी खुर्च्या पुढे यायला लागल्या. मार्केटची पिशवी हातातून काढून घेतली जाऊ लागली. मी नुकतीच निवृत्त झाले होते, त्यामुळे म्हातारपणाचा शिक्का मारायला सगळ्यांना मुहूर्तही बरा सापडला.

आणि माझे यजमान? ते माझ्याहून तीन वर्षांनी मोठे. आम्ही राहतो चोआ चू कांगला, त्यांचं ऑफिस चांगी बिझनेस पार्कला, म्हणजे बेटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रोजचा प्रवास. एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, बसायला जागा मिळाली की हे गृहस्थ झोपतात आणि घरी आले की सोफ्यावर उरलेली झोप पूर्ण करतात. दुसऱ्या मजल्यावर जायचं असलं तरी लिफ्टची वाट बघतील. पण त्यांच्या रकान्यात हाइक होतं, कारण त्यांच्या गुडघ्याचा एक्स-रे कोणी काढला नव्हता. एवढीच त्यांची पात्रता.

मी लॅपटॉप माझ्याकडे ओढला आणि चारही ठिकाणचं 'कॅफे' खोडून 'हाइक' लिहिलं. दुसऱ्या दिवशी फोनवर तक्ता उघडून बघते तर तिथे 'टीबीसी' आलं होतं. टू बी कन्फर्म्ड. कोण कन्फर्म करणार होतं, तर मी सोडून बाकीचे. माझ्या रागाचा पारा तेव्हा जो चढला तो काही केल्या उतरेना. मला डोंगराचं विशेष वेड नव्हतं, खरं सांगते. त्या दिवसापर्यंत राइनेब्रिंगन हे नावही मी ऐकलं नव्हतं. पण आता मला तो चढायचाच होता. हा आज सोडला, तर यापुढे माझ्या पायांचा निर्णय दुसरीच माणसं घेणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

हातात सहा आठवडे होते. सिंगापुरात डोंगर कुठून आणायचा? सगळ्यात उंच बुकित तिमा, त्याला आमच्या दापोलीकडे कोणी टेकडी म्हणतानाही विचार करेल. पण आमचा ब्लॉक, म्हणजे आमची इमारत, सोळा मजल्यांचा आहे आणि त्याचा जिना चोवीस तास मोकळा असतो, कारण तो कोणी वापरतच नाही. मी सकाळी साडेसहाला जिना चढायला लागले. पहिल्या दिवशी सातव्या मजल्यावर माझा श्वास असा लागला की मी कोणाच्या तरी चपलांच्या रॅकशेजारी बसून राहिले.

तिथेच मला नवव्या मजल्यावरच्या चिनी आंटी भेटल्या. सत्तरी ओलांडलेल्या, केस मुलासारखे कापलेले, गळ्यात टॉवेल. त्या गेली कित्येक वर्षं रोज जिना चढतात हे मला इतकी वर्षं त्याच ब्लॉकमध्ये राहून माहीत नव्हतं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि गुरुमंत्र दिला.

"अप, गुड. डाउन, नो गुड. नी स्पॉइल. डाउन टेक लिफ्ट."

पुढे कळलं की जिना चढणारे इथले सगळे असंच करतात. चढायचं पायांनी, उतरायचं लिफ्टने, पुन्हा चढायचं. उतरताना गुडघ्यावर भार जास्त येतो हे मलाही ऐकून माहीत होतं. मला तो सल्ला एकदम पटला. आंटी आणि मी वरती पोचलो की लिफ्टच्या आरशात आपापली लाल तोंडं बघत खाली यायचो आणि पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करायचो. दुसऱ्या आठवड्यात मी थांबून थांबून का होईना, तीनदा सोळा मजले केले. पाचव्या आठवड्यात सहा वेळा. गुडघा कधी कुरकुरायचा, पण मांड्या खरोखरच घट्ट व्हायला लागल्या. मी घरी येऊन मुलाला आकडा सांगायची आणि तो म्हणायचा, "ओके, ओके, वी सी हाउ." हे 'बघू' त्याने माझ्याचकडून उचललं आहे. तो लहान असताना त्याला नाही म्हणायचं असलं की मी 'बघू' म्हणायची.

एका रविवारी आम्ही तिघं बुकित तिमाला गेलो. वरपर्यंत डांबरी रस्ता आहे, माथ्यावर एक दगड आहे आणि त्याच्याजवळ फोटो काढायला रांग असते. मी न थांबता वर पोचले. घाम पुसत कठड्यावर बसले आणि मला माझी आई आठवली. ती एकदाच सिंगापूरला आली होती, महिनाभर. मी तिला बोटॅनिक गार्डन्स दाखवायला नेलं आणि गेटवरच व्हीलचेअर मागवली. तिला चालता येत होतं. गावी ती विहिरीवरून पाणी आणत होती. पण मला घाई होती, आणि परदेशात आईला कष्ट पडू नयेत असा माझा मोठेपणाही होता. ती मांडीवर पर्स धरून दिवसभर गप्प बसून राहिली. परत गेल्यावर तिने माझ्या बहिणीला सांगितलं की बाग चांगली होती, पण मला सामानासारखं फिरवलं. बहिणीने ते मला हसत हसत सांगितलं होतं, तेव्हा मीही हसले होते. त्या दिवशी बुकित तिमावर मला हसू आलं नाही. मला स्वतःची लाज वाटली. आई आता नाही, त्यामुळे माफी मागायची सोयही राहिलेली नाही.

जूनच्या शेवटी आम्ही निघालो. विमानं बदलत नॉर्वेच्या किनाऱ्यावरच्या बूडोला पोचलो, तिथे मुलगा भेटला, आणि मग फेरीबोटीने लोफोटेनमधल्या मोस्केनेसला. समुद्रात बराच वेळ काहीच दिसत नव्हतं. मग क्षितिजावर करवतीच्या दातांसारखी निळसर रेघ उमटली आणि ती वर वर येत राहिली. पायथा नाही, उतार नाही, डोंगर थेट पाण्यातून उभे. यजमान माझ्या कानाशी म्हणाले, "अगं, यातल्या कुठल्यावर चढायचंय?" त्यांच्या आवाजात काळजी होती, आणि ती माझी नव्हती.

पहिला दिवस हाउकलँडचा. वाळू पिठीसारखी पांढरी, पाणी हिरवंनिळं, बघून वाटावं की इथे नारळाची झाडं असायला हवीत. मी चपला काढून पाण्यात गेले आणि किंचाळत बाहेर आले. पाय हाडापर्यंत गारठले. तिथून टेकडीला वळसा घालून पलीकडच्या उटाक्लाइवच्या किनाऱ्यापर्यंत जुनी सपाट वाट जाते. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगराची भिंत, मधे बिनधास्त बसलेल्या मेंढ्या. कोणीही चालावं अशी वाट. गावांच्या कडेला लाकडी मांडवांवर कॉड वाळत टाकायची तिथली रीत आहे. मोसम संपत आला होता, तरी काही मांडवांवर मासळी लटकत होती. तो वास आला आणि मी हर्णैच्या बंदरावर जाऊन पोचले. आमच्याकडे वलांडीवर बोंबील वाळतात, इथे मुंडकं कापलेले हातभर मासे, एवढाच फरक. मुलगा नाक दाबून उभा होता. मी मुद्दाम तिथे जास्त वेळ थांबले.

दुसऱ्या दिवशी सकाळी राइनेब्रिंगन. ढग होते, पाऊस नव्हता. या डोंगरावर नेपाळहून आलेल्या शेर्पांनी दगडी पायऱ्या बांधल्या आहेत, जवळजवळ दोन हजार. पायथ्याशी मुलाने शेवटचा प्रयत्न केला. "आई, नो शेम. यू कॅन टर्न बॅक एनी टाइम." मी म्हटलं, "तूही." आणि चढायला लागले.

पहिल्या वळणाच्या थोडं वर यजमान एका दगडावर बसले. चेहरा लालबुंद, हात कमरेवर. "तुम्ही व्हा पुढे," ते म्हणाले, "मी खाली जाऊन कॉफी घेतो." त्यांना ना कोणी डॉक्टरांची आठवण करून दिली, ना कोणी काळजीने बघितलं. ते उठले आणि शीळ घालत खाली गेले. पुरुषाने अर्ध्यातून परत फिरणं किती सोपं असतं, हे मी त्या दिवशी उघड्या डोळ्यांनी पाहिलं.

मी मात्र ब्लॉक मोजत चढले. हा एक ब्लॉक झाला, हा दुसरा झाला. पायऱ्या ओबडधोबड आणि उंच होत्या, पण श्वास माझ्या ताब्यात होता. तरुण मुलं मला मागे टाकून जात होती, तर काहींना मीही मागे टाकलं. मुलगा माझ्या मागे दोन पायऱ्या ठेवून येत होता. अर्ध्यावर त्याचं बोलणं बंद पडलं, कारण त्यालाच दम लागला होता. मला याचा इतका आनंद झाला की तो इथे लपवण्यात अर्थ नाही.

शेवटची पायरी संपली आणि पलीकडे एकदम काहीच नव्हतं, सरळ कडा. खाली काळंनिळं पाणी, त्यात पुलांनी जोडलेली इवली बेटं, लाल रंगाची कोळ्यांची घरं, आणि पाण्याच्या चहूबाजूंनी टोकदार डोंगर, एकामागे एक. वारा असा की डोक्यावरची ओढणी धरून ठेवावी लागत होती. मी रडले. आनंदाने की रागाने, ते मला नीट सांगता येणार नाही. दोन्ही असावं. मुलाने फोटो काढला आणि पहिल्यांदाच मोकळेपणाने म्हणाला, "आई, पावरफुल सिया." सिंगापुरी पोरांच्या तोंडी ही मोठी दाद असते. आम्ही दोघांनी शेंगदाण्याचे लाडू खाल्ले आणि अर्ध्या तासाने उतरायला निघालो.

दहा पायऱ्या उतरले आणि माझ्या मांड्या थरथरायला लागल्या. वीस पायऱ्यांवर डावा गुडघा लचकला. मी बाजूच्या दगडाला धरून उभी राहिले आणि मला लख्ख समजलं की काय झालं आहे. सहा आठवड्यांत मी शेकडो मजले चढले होते आणि एकही मजला उतरले नव्हते. वीस वर्षं मी सिंगापुरातल्या कारखान्यात टेस्टिंग इंजिनिअर होते. वस्तू जशी वापरली जाणार तशीच तपासायची, हे नव्या पोरांच्या मी डोक्यात अक्षरशः कोंबत असे. आणि स्वतःची तपासणी अर्धीच करून मी नॉर्वेपर्यंत आले होते. शेर्पांनी लिफ्ट बसवलेली नव्हती.

"आय टोल्ड यू," मुलगा म्हणाला. मग माझा चेहरा बघून त्याचा आवाज उतरला. "ओके, ओके. मी पाठीवर घेतो तुला. ऑर आय कॉल समबडी. दे हॅव रेस्क्यू हिअर."

"काही गरज नाही."

"आई, प्लीज लाह! तुला उभं राहता येत नाहीये."

"मग बसून येते," मी म्हटलं आणि पायरीवर बसले. दोन्ही हात मागे टेकले, पाय खालच्या पायरीवर ठेवले, आणि घसरत एक पायरी खाली आले. मग दुसरी. लहान मूल उतरतं तशी. दगड रात्रीच्या पावसाने ओले होते, पँटची मागची बाजू पाच मिनिटांत भिजली. वर येणारी माणसं बाजूला होऊन वाट देत होती. कोणी हसलं असेल तर हसलं असेल. एक नॉर्वेजियन आजोबा थांबले, त्यांनी अंगठा वर केला आणि पुढे गेले.

मुलगा माझ्या दोन पायऱ्या खाली, माझ्याकडे तोंड करून, उलटा उतरत होता. हात पसरलेले, जणू मी वरून पडणार आणि तो झेलणार. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "तू चुकीची प्रॅक्टिस केलीस."

"हो, चुकले. माझी मी चुकले. मला चालतं."

"मला नाही चालत!" तो एकदम ओरडला. त्याचे डोळे भरून आले होते. "तू पडली असतीस तर? मी तुला इथे आणलं. एव्हरीथिंग माय फॉल्ट होणार. तुझा एक्स-रे आल्यापासून मला झोप नाहीये, यू नो? म्हणून लिहिलं मी ते कॅफे."

मी थांबले. एकोणतीस वर्षांचा माझा मुलगा, दाढी वाढलेला, त्या पायरीवर उभा राहून घाबरून रडत होता. मला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं आणि घेतलंही, मी बसलेली आणि तो वाकलेला, असं अवघडून. पण जे बोलायचं होतं ते मी गिळलं नाही.

"भीती तुझी आहे," मी म्हटलं. "ती मला सांग, दहा वेळा सांग, मी ऐकेन. पण ती माझ्या पायांना बांधून ठेवू नकोस. मी तुझ्या आजीला तसं बांधलं होतं, आणि ती मला तोंडावर काही बोलली नाही. मी बोलणार."

त्याने बाहीने नाक पुसलं. "ओके," म्हणाला. मग थोड्या वेळाने, "बसून बसून तुझी पँट फाटेल."

"फाटू दे."

आम्ही उतरत राहिलो. तिथे त्या दिवसांत सूर्य मावळतच नाही, त्यामुळे अंधाराची धास्ती नव्हती, आणि घाईही नव्हती. जिथे पायऱ्या बुटक्या होत्या तिथे मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहून दहा-बारा उतरायची, पाय थरथरले की पुन्हा बसायची. खांदा मी मागितला की तो पुढे करायचा. मी मागितला नाही, तर तो हात मागे ठेवायला शिकत होता. त्याला ते जड जात होतं, मला दिसत होतं. चढायला लागला होता त्याच्या दुपटीहून जास्त वेळ लागला. शेवटची पायरी संपल्यावर मी डांबरी रस्त्यावर उभी राहिले तेव्हा माझे हात खरचटले होते, पँट खरोखरच फाटली होती आणि मी कोणाच्याही पाठीवर नव्हते.

यजमान रस्त्याच्या कडेला वाट बघत येरझाऱ्या घालत होते. "किती वेळ गं," म्हणाले, मग माझ्याकडे नीट बघितलं. त्यांनी स्वतःचं जाकीट काढून माझ्या कमरेला बांधलं, फाटलेली पँट झाकायला. आम्ही तिघं मुक्कामाच्या घराकडे निघालो, माझ्या चालीने.

मुलाने फोन काढला. उद्याचं हवामान बघितलं, तोंड उघडलं, मिटलं, मग माझ्याकडे वळला.

"आई, उद्या तुला काय करायचंय?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "सकाळी पाय काय म्हणतात ते बघून सांगेन. पण तू असंच विचारत जा."